वादी वडील, प्रतिवादी मुलगा

आमच्या तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात २०२४ मध्ये एक दावा दाखल झाला. वादी : माझे वडील, वय ७३, निवृत्त प्राथमिक शिक्षक. प्रतिवादी : मी, धंदा नोकरी, राहणार रीडिंग, इंग्लंड. मागणी एवढीच, की वडिलांनी मला बक्षीस दिलेली जमीन कायद्याने माझी कधी झालीच नाही असं कोर्टाने ठरवावं आणि ते बक्षीसपत्र रद्द करावं. प्रतिवादीचं, म्हणजे माझं, म्हणणं एका वाक्याचं : वादी म्हणतात ते खरं आहे.

गावात ही बातमी पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. पहिल्या दिवशी पारावर चर्चा होती, "मास्तरांनी पोराला कोर्टात खेचलं." दुसऱ्या दिवशी ती "पोरानं असं केलं तरी काय?" इथपर्यंत आली. तिसऱ्या दिवशी एका भावकीतल्या काकांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल करून समजावलं, की बाबा, इंग्लंडात आहेस, तुला काय कमी आहे, म्हाताऱ्या माणसाला त्याची जमीन देऊन टाक. मी त्यांना म्हटलं, काका, तेच तर चाललंय. त्यांचा विश्वास बसला नाही. द्यायचंच आहे तर कोर्ट कशाला, हा त्यांचा प्रश्न बरोबरच होता, आणि त्याचं उत्तर द्यायला मला हा लेख लिहावा लागतोय.

दुसरंही एक कारण आहे. आमच्या इथल्या मंडळाच्या गणपतीत मी ही हकीकत दोघातिघांना सांगितली. आरती संपल्यावर त्यातल्या एकाने मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "म्हणजे आमचं पण चुकलंय का रे?" त्याच्या सासऱ्यांनी त्याच्या बायकोच्या नावे सांगलीकडे दीड एकर केली होती. अशी बक्षीसपत्रं किती घरांच्या कपाटात पडून असतील, कोण जाणे.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. वाघ्या घेवड्यासाठी हा भाग ओळखला जातो. आजोबांची जमीन थोडी, ती चुलत्यांत वाटली गेली. ही जमीन मात्र आप्पांची स्वतःची. १९९१ साली त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलून, सोसायटीचं कर्ज काढून, शाळेजवळची १ हेक्टर २० आर, म्हणजे तीन एकर, विकत घेतली. आईच्या पाटल्या त्यात गेल्या आणि परत कधी झाल्या नाहीत. शाळा सुटली की आप्पा धोतराचा काष्टा सारखा करून थेट रानात जायचे. आम्ही भावंडं दप्तरासकट मागून. त्यामुळे या तीन एकरांचं मोल आमच्याकडे रेडी रेकनरमध्ये कधी मोजलं गेलं नाही.

मी २०१६ मध्ये नोकरीसाठी इंग्लंडला आलो. करोनाच्या काळात दोन वर्षं गावी जाता आलं नाही. त्या काळात आप्पांना काय काय वाटलं असेल ते त्यांनी सांगितलं नाही, पण २०२१ च्या डिसेंबरात मी गेलो तेव्हा कागद तयार होते. "माझ्या डोळ्यांदेखत तुझ्या हातात देतो," म्हणाले. ताई आणि दाजी शेजारच्याच गावात, खरं तर रान तेच बघतात. ताईने सही करायला एका शब्दाने कुरकुर केली नाही. तिच्या सहीची गरजही नव्हती, जमीन आप्पांच्या स्वकष्टाची. पण तिला विचारल्याशिवाय आप्पांनी कधी काही केलं नाही.

तालुक्याला दस्त लेखकाकडे गेलो. त्याने पहिला प्रश्न विचारला : मुलगा शेतकरी आहे का? आपल्याकडे कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही आणि बक्षीसही देता येत नाही. आप्पांचा सातबारा समोर ठेवला, शेतकऱ्याचा मुलगा शेतकरी, प्रश्न मिटला. आधार कार्डावर गावचा पत्ता. पॅन कार्ड आहे. पासपोर्ट भारताचाच. मुद्रांक शुल्क किती? वडिलांकडून मुलाला शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात अवघे २०० रुपये. दुय्यम निबंधकांपुढे फोटो झाले, अंगठे झाले. लिहून देणार : आप्पा. लिहून घेणार : मी. खाली दोन साक्षीदार. बाहेर येऊन आम्ही सगळ्यांनी भेळ खाल्ली.

तू राहतोस कुठे, हे त्या दिवशी मला कोणीच विचारलं नाही. ना दस्त लेखकाने, ना कार्यालयात. आणि मीही सांगितलं नाही, कारण त्याचा इथे काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आप्पांच्याही नाही. मी भारताचा नागरिक, शेतकऱ्याचा मुलगा, वडील राजीखुशीने देतायत. यात अडचण कसली?

पुढे फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर माझं नाव लागलं आणि आप्पांच्या नावाला कंस झाला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : सातबाऱ्यावर आधीच्या खातेदाराचं नाव खोडत नाहीत, त्याभोवती कंस करतात. नाव दिसत राहतं, पण हक्क संपलेला असतो. मी महाभूलेखवरून तो उतारा उतरवून घेतला आणि फोनमध्ये जपून ठेवला. तेव्हा मला तो कंस दिसला नव्हता. माझंच नाव दिसलं होतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात भारतातलं विवरणपत्र भरायला पुण्याच्या एका सीएंनी माझ्याकडून मालमत्तेची यादी मागवली. शेतजमीन वाचून त्यांनी फोन केला.

"वारसाने आली ना?"

"नाही, वडिलांनी बक्षीस दिली."

"कधी?"

"२०२१."

"तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इंग्लंडलाच."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "हे तुमच्या नावावर यायलाच नको होतं."

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, आणि त्याखालचे २०१९ चे नियम सांगतात, की अनिवासी भारतीयाला भारतात घर घेता येतं, दुकान घेता येतं, नातेवाइकाकडून बक्षीसही घेता येतं. पण शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन वगळून. ती त्याला विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र येऊ शकते. अनिवासी कोण, याचा पासपोर्टशी संबंध नाही. नोकरीसाठी देश सोडलात की फेमाच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी, मग पासपोर्टवर अशोकस्तंभ असो, आधारवर गावचा पत्ता असो, नाहीतर मतदार यादीत नाव असो.

याचा अर्थ तुमच्या लक्षात आला का? आप्पांनी मृत्युपत्र करून ठेवलं असतं तर जमीन त्यांच्या पश्चात माझी झाली असती, कायदेशीर, निर्धोक. जिवंतपणी, स्वतःच्या हाताने, मुलाच्या डोळ्यात बघून दिली, म्हणून बेकायदेशीर. हे मी त्यांना फोनवर समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मी मरायची वाट बघायला पाहिजे होती." मी सांगत होतो नियम, ते ऐकत होते दुसरंच काहीतरी.

आता इथे आपल्यातले शहाणे लोक सल्ला देतात : राहू दे रे, कोणाला कळतंय? मलाही दिला गेला. नुसता मंडळातल्या मित्रांनी नव्हे, कागदपत्रात मुरलेल्या लोकांनीही. मोह मला झाला नाही असं म्हणणार नाही. पण हा सल्ला देणारे पुढची पायरी पाहत नाहीत. फेमात दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, ते सोडा. माझी मुलगी इथे जन्मली, उद्या तिच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट असेल. अनिवासी माणसाकडून शेतजमीन वारसाने घ्यायची तर ती त्या माणसाने त्या त्या वेळच्या परकीय चलन कायद्याला धरून मिळवलेली असावी लागते. माझी तशी नाही. म्हणजे मी गप्प बसलो तर आप्पांच्या तीन एकरांची साखळी माझ्यापाशीच तुटते आणि तो गुंता सोडवायची वेळ तिच्यावर येते. तिला ना फेरफार कळणार, ना कंस. शिवाय तोवर आप्पाही नसतील, आणि दोघांचं काय चुकलं हे सांगणारा एक तरी जिवंत माणूस लागतो.

म्हणून परत करायचं ठरलं. आणि तिथे कळलं, की चुकून दिलेली जमीन परत करणं ही देण्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट आहे.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या धंद्यात चुकीचा बदल चढला तर रोलबॅक करतात. पाच मिनिटांत आधीची स्थिती परत, आणि काय चुकलं होतं त्याची नोंदही राहते. मी तसाच भाबडेपणाने वकिलांना विचारलं, की आम्ही दोघं निबंधकांकडे जाऊन "चूक झाली, रद्द करा" म्हटलं तर? वकीलसाहेब हसले. नोंदलेलं बक्षीसपत्र देणाऱ्याला एकट्याने रद्द करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर मुलाशी वाजलं की बाप दुसऱ्या दिवशी कागद फाडेल. पण दोघांनी मिळून रद्दलेख केला तरी, त्यांच्या मते, एकदा पूर्ण झालेली देणगी रबराने पुसून मालकी मागे येत नाही. उद्या कोणीही त्यावर बोट ठेवू शकतो.

मग मी आप्पांना उलट बक्षीस दिलं तर? अनिवासी माणूस भारतात राहणाऱ्याला शेतजमीन देऊ शकतो, तो रस्ता उघडा आहे. पण त्यात गंमत बघा. बाप मुलाला देतो तेव्हा मुद्रांक शुल्क २०० रुपये. मुलगा बापाला देतो तेव्हा बाजारमूल्याच्या ३ टक्के. सवलतीच्या यादीत नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात, मयत मुलाची बायको आहेत. आई-वडील नाहीत. कायदा करणाऱ्यांना पोरं आई-बापाला जमीन देतील असं वाटलं नसावं, आणि त्यांचा अंदाज बहुतेक बरोबरच आहे. पैसे मी भरलेही असते. अडचण वेगळी होती. उलट बक्षीस द्यायचं म्हणजे मधली दोन-तीन वर्षं मी रीतसर मालक होतो असं म्हणून द्यायचं. आम्हाला तर म्हणायचं होतं, की मालकी मुळात सरकलीच नव्हती.

उरला तिसरा रस्ता, कोर्टाचा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याचं कलम १२६ म्हणतं, की बक्षीस देणाऱ्याच्या लहरीवर परत घेता येत नाही. पण ते जर करार असतं आणि तो करार ज्या कारणांनी मोडता आला असता, त्या कारणांनी बक्षीसही मोडता येतं. मोबदला मिळाला नाही हे कारण सोडून, कारण बक्षिसात मोबदला नसतोच. म्हणजे चूक झाली असेल तर करार कायद्याकडे जा. तिथे कलम २० : दोन्ही पक्ष एखाद्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल चुकीच्या समजात असतील तर करार रद्दबातल. हे वाचून मला हायसं वाटलं. दोन्ही पक्ष, होय, दोघंही चुकलो. पुढचं कलम २१ वाचलं आणि बसलो : भारतात लागू असलेल्या कायद्याबद्दलची चूक हे कारण चालत नाही.

आता सांगा, आमची चूक कशाबद्दल होती? मी अनिवासी ठरतो हे आम्हा दोघांना माहीत नव्हतं. ही वस्तुस्थितीची चूक की कायद्याची? आमचे वकील म्हणतात, प्रतिवादीचा निवासी दर्जा ही वस्तुस्थिती आहे आणि त्याबद्दल दोघांचा समज चुकीचा होता. समोर कोणी वकील असता तर त्याने म्हटलं असतं, की वस्तुस्थिती दोघांना ठाऊक होती, तू रीडिंगला राहतोस हे तुझ्या बापाला माहीत नव्हतं काय? माहीत नव्हता तो फेमा. मला स्वतःला प्रामाणिकपणे वाटतं, की हा दुसरा वकील जास्त बरोबर आहे. म्हणून दाव्यात आमचा भर आणखी एका मुद्द्यावरही आहे : कायद्याने जे घ्यायला मनाई आहे ते दिलं तरी पोचत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीतच, म्हणजे आमच्या दस्ताच्या दहा महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरूच्या एका जमिनीच्या बक्षिसाबद्दल असा निकाल दिला होता. जुन्या फेरा कायद्याप्रमाणे परदेशी नागरिकाला रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी घेणं सक्तीचं होतं, ती न घेता १९७७ साली दिलेलं बक्षीस टिकलं नाही. तो कायदा वेगळा, परिस्थितीही वेगळी. पण दिशा कळते.

हे सगळं चाललेलं असताना मी ज्या देशात राहतो तिथलं काय, म्हणून थोडं वाचन केलं. इथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे १८६७ साली कूपर विरुद्ध फिब्स नावाचा खटला आला होता. आयर्लंडमधल्या सॅमन मासेमारीच्या हक्काचा. काकाने पुतण्याला सांगितलं होतं, की हा हक्क माझा. फसवायचा हेतू नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. काका गेल्यावर पुतण्याने त्याच समजात काकाच्या मुलींकडून तो हक्क भाड्याने घेतला. नंतर उघड झालं, की हक्क आधीपासून पुतण्याचाच होता. सगळे मिळून चुकले होते. न्यायालयाने तो व्यवहार मोडला, पण मोडताना एक अट घातली : काकाने त्या जागेच्या सुधारणेवर जो पैसा घातला होता, तो मुलींना मिळायला हवा. मला या निकालातलं हे सगळ्यात आवडलं. चूक मोडताना मधल्या काळात कोणी काय घातलं त्याचाही हिशेब व्हायला हवा. आपल्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३३ मध्येही त्याची सोय आहे.

पण बक्षिसाच्या बाबतीत इंग्लंड आपल्यापुढे गेलं ते २०१३ साली, पिट विरुद्ध होल्टमध्ये. अपघातात कायमचं अपंगत्व आलेल्या नवऱ्याच्या भरपाईची रक्कम बायकोने सल्लागारांच्या सांगण्यावरून ट्रस्टमध्ये ठेवली. त्याने मोठा वारसा कर लागेल हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था रद्द केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : चूक पुरेशी गंभीर हवी, आणि ती तशीच राहू देणं विवेकाला न पटणारं हवं. वस्तुस्थितीची चूक की कायद्याची, हा प्रश्न त्यांनी आडवा येऊ दिला नाही. नंतर २०१६ मध्ये एका जोडप्याने आपलं घर ट्रस्टमध्ये घातल्याचा व्यवहारही असाच मोडला गेला. काही दिवस आधी अर्थसंकल्पात नियम बदलला होता आणि नवरा-बायको दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

यामागचा विचार मला पटतो, आणि माझा मुद्दाही तोच आहे. सौद्यात दोघांनी काहीतरी मोजलेलं असतं. एकाने "चुकलो" म्हटलं म्हणून दुसऱ्याचं नुकसान का करायचं? म्हणून करार मोडायला कायदा कडक हवा, ठीक. पण बक्षिसात घेणाऱ्याने दिलेलं काहीच नसतं. त्याच्याकडून ते परत जाण्यात अन्याय कमी. तरीही आपलं कलम १२६ बक्षिसाला कराराच्याच मापाने मोजतं. बापाच्या मायेला व्यापाऱ्याची फूटपट्टी लावतं. गंमत म्हणजे, कायद्याच्या गैरसमजातून चुकून पैसे दिले गेले तर ते परत मागता येतात, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच मान्य केलंय. पैशाला जी उदारता, ती जमिनीला नाही.

आणि दुसरं, जे मला कायद्याच्या कलमांपेक्षा जास्त टोचतं. दोघं एकाच बाजूला असताना आपल्याकडे त्यांना उभं राहायला एकत्र जागाच नाही. एकाला वादी व्हावं लागतं, दुसऱ्याला प्रतिवादी. दाव्याच्या मसुद्यात आप्पांच्या तोंडी वाक्यं आहेत, "प्रतिवादी यांनी सदर मिळकतीचा बेकायदेशीर लाभ घेतला असून". मसुदा वाचून आप्पांनी लाल पेन काढलं आणि चाळीस वर्षांच्या मास्तरकीच्या सवयीने ते वाक्य खोडून समासात लिहिलं : "असे काही झालेले नाही." वकिलांनी त्यांना समजावलं, की ही भाषा असावी लागते. मास्तर ऐकेनात. शेवटी ते वाक्य गेलं.

समन्स माझ्या गावच्या पत्त्यावर निघालं. बेलिफ आला तेव्हा ते घ्यायला घरात होते ते आप्पाच. वादीनेच प्रतिवादीच्या वतीने बेलिफाला चहा पाजला.

माझ्या मते दोन गोष्टी सहज करता येतील. दस्त नोंदवताना शेतकरी असल्याचा पुरावा मागतात, तिथेच एक ओळ वाढवा : लिहून घेणारा भारतात राहतो का? एवढ्या एका प्रश्नाने आमचा दस्त त्या दिवशी थांबला असता, आम्ही मृत्युपत्र करून तरीही भेळ खाऊन घरी आलो असतो. आणि जिथे देणारा-घेणारा दोघंही चूक कबूल करतात, तिसऱ्या कोणाचा हक्क मधे आलेला नाही, जमीन गहाण नाही, तिथे संयुक्त अर्जावर, जाहीर नोटीस देऊन, ठराविक मुदतीत बक्षीस मोडण्याची सोय हवी. यात लबाडी शिरेल, सावकाराला चुकवायला लोक हे वापरतील, असं वकील म्हणाले. शिरेल. म्हणून तर नोटीस. पण आज जे आहे त्यात प्रामाणिक माणूस खर्चात पडतो आणि गप्प बसणारा सुखात राहतो.

कोर्टाचा हुकूम झाला की त्याची प्रत निबंधकांकडे जाईल आणि तिथल्या दस्तावर रद्द झाल्याची नोंद होईल. मग फेरफार, आणि त्यानंतर चूक मिटवून घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज. तो माझा मी करीन, चूक फेमाची आणि ती निस्तरायची जबाबदारी माझी आहे. इथून मुखत्यारपत्र पाठवायचं तर ते साक्षांकित करून, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून. ताईने ते सगळं केलं, पोरांच्या परीक्षा सांभाळून.

या तीन वर्षांत मी विहिरीवरची मोटर बदलली, ठिबक टाकलं. त्याचा हिशेब मला नको. दाजींनी मात्र खरोखरचा घाम गाळलाय, त्यांचं काय, असं मी आप्पांना विचारलं. तेव्हा बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तुला ती जमीन हवी होती का रे?"

मी खरं सांगितलं. मला वाटलं होतं, नको म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल. ते म्हणाले, "आणि मला वाटलं, नावावर केली नाही तर तू यायचा थांबशील." म्हणजे फेमाच्या आधीच आमची एक चूक झाली होती, दोघांची मिळून, आणि तिला कुठलं कलम लागतं ते वकिलांनाही विचारता येणार नाही. त्या दिवशी आम्ही फोनवर बराच वेळ बोललो. जमिनीबद्दल कमी, आईच्या पाटल्यांबद्दल जास्त. ताईला त्या पाटल्या आठवतात, मला नाही.

परत आली की कोणाला द्यायची, हे आता आप्पांचं आप्पांनी ठरवायचं. कोर्ट चूक पुसेल, त्यांच्यावर पुन्हा मलाच देण्याचं बंधन घालणार नाही, आणि घालू नये. ताई भारतातच राहते, तिला ते उद्या २०० रुपयांच्या मुद्रांकावर बक्षीस देऊ शकतात. मृत्युपत्रात दोघांना अर्धी-अर्धी लिहू शकतात. त्यांनी मला विचारलं, तुझं काय मत? मी म्हटलं, मागच्या वेळी मला विचारलंत तेव्हा काय झालं ते बघताय ना. तर म्हणाले, "बरं. मग ताईला विचारतो."

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. मधल्या काळात मी अधूनमधून महाभूलेख उघडतो. सातबाऱ्यावर अजून माझंच नाव आहे आणि आप्पांच्या नावाभोवती कंस. गेल्या रविवारी त्यांचा फोन आला तेव्हा मी तो उताराच बघत होतो. त्यांनी विचारलं, काय करतोयस? मी म्हटलं, काही नाही. मग ते म्हणाले, घेवड्याला शेंगा धरल्यात, पाऊस आणखी चार दिवस लांबला तर बरं होईल.